न टाकलेलं पत्र

दोस्तांनो, वाईट काम केलं की मन खातं, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. पण चांगलं काम करताना कुणाचं मन त्याला खाल्ल्याचं ऐकलंय? एखाद्याला मदत करतोय आणि तीच मदत म्हणजे मोठं पाप आहे असं वाटून जीव नुसता कासावीस होतोय, असा मुलगा कधी पाहिलाय? मी पाहिलाय. अर्थात, पुस्तकात. त्याचं नाव हकलबरी फिन. सगळे त्याला हक म्हणतात.

मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाचं हे पुस्तक इंग्लंडात १८८४ साली आणि अमेरिकेत १८८५ साली निघालं. ट्वेनच्याच टॉम सॉयरची ओळख तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. हक हा टॉमचा मित्र. आई नाही, बाप पक्का दारुडा. बापानं त्याला रानातल्या एका झोपडीत कोंडून ठेवलं, मारहाण केली. हकनं काय करावं? एक डुक्कर मारलं, त्याचं रक्त सगळीकडे सांडलं, आपला खून झालाय असा देखावा उभा केला आणि होडीतून पसार झाला! सारं गाव नदीत त्याचं प्रेत शोधतंय आणि हा पठ्ठ्या बेटावर बसून गंमत बघतोय.

त्याच बेटावर त्याला जिम भेटतो. जिम काळा माणूस, मिस वॉटसन नावाच्या बाईचा गुलाम. गुलाम म्हणजे नोकर नव्हे, बरं का. नोकराला पगार असतो, नको वाटलं तर तो काम सोडू शकतो. गुलाम हा मालकाच्या बैलासारखा. मालक त्याला विकू शके, त्याच्या बायकोला एकीकडे आणि पोरांना दुसरीकडे विकू शके. आठशे डॉलरला आपल्याला दूर न्यू ऑर्लिन्सला विकायचं घाटतंय, हे जिमच्या कानावर आलं आणि तो पळाला. मिस वॉटसन काही राक्षसीण नव्हती. देवभोळी बाई. हकला शिस्त लावणारी, प्रार्थना शिकवणारी. आठशे डॉलर पाहून तिचाही पाय घसरला, एवढंच.

मग सुरू होतो तराफ्यावरचा प्रवास, मिसिसिपी नदीतून. केवढी ही नदी? गेवराई तालुक्यात राक्षसभुवनला पावसाळ्यातली गोदावरी पाहून तुम्ही ‘बाप रे!’ म्हणाला असाल. मिसिसिपीचं पात्र तिथं मैलभर रुंद. दिवसा झाडीत लपायचं आणि रात्री वाहत जायचं. पलीकडच्या काठावर गुलामगिरी नव्हती. मग सरळ पलीकडेच का नाही गेले? कारण पळालेल्या गुलामाला तिथूनही पकडून आणत. धरून देणाऱ्याला बक्षीस मिळे. म्हणून दोघांचा बेत असा, की खाली केरो गावापर्यंत जायचं. तिथं ओहायो नदी येऊन मिळते. तिथून आगबोटीनं वर, गुलामगिरी नसलेल्या राज्यांत खोलवर जायचं.

या प्रवासातले दोन-तीन प्रसंग सांगतो. बाकीचं पुस्तक तुम्ही मोठेपणी वाचालच.

एका रात्री दाट धुकं पडतं. हक लहान होडीत, जिम तराफ्यावर. दोघांची ताटातूट होते. जिम हाका मारून मारून थकतो, रडतो आणि शेवटी झोपी जातो. हक कसाबसा परत येतो आणि त्याला गंमत सुचते. ‘मी कुठं गेलो होतो? मी तर इथंच होतो, तुला स्वप्न पडलं असेल!’ जिम आधी फसतो. मग तराफ्यावरचा पालापाचोळा आणि मोडलेलं वल्हं त्याला दिसतं. तो हसत नाही. तो शांतपणे हकला सांगतो, की तू हरवलास म्हणून माझं काळीज फाटलं होतं, तू परत दिसलास तेव्हा मी तुझ्या पाया पडलो असतो, आणि तुझ्या डोक्यात काय, तर जिमला मूर्ख कसं बनवावं! मित्राच्या डोक्यावर घाण टाकणारा माणूस म्हणजे या कचऱ्यासारखाच. एवढं बोलून तो उठून आत जातो.

हकला पंधरा मिनिटं लागतात. गोऱ्या मुलानं काळ्या गुलामाची माफी मागायची, हे त्या काळात कुणी ऐकलेलंही नव्हतं. पण तो जातो आणि माफी मागतो. मला विचाराल तर या पुस्तकातली दोस्ती इथून सुरू होते. त्याआधी नुसती सोबत होती.

आणि गंमत पाहा, दोस्ती झाल्यावरच हकच्या मनाची टोचणी वाढते. केरो जवळ आलंय असं वाटताच जिम आनंदानं बोलू लागतो. मी मोकळा झालो की पैसे साठवीन, बायकोला सोडवीन, मग दोघं मिळून दोन्ही मुलांना सोडवू. मालकानं दिली नाहीत तर कुणाकडून तरी पळवून आणू. हे ऐकून हकच्या अंगावर काटा येतो. का? तर त्या मुलांचा मालक बिचारा आपल्या ओळखीचासुद्धा नाही, त्यानं आपलं काय वाकडं केलंय? आणि मिस वॉटसननं तरी काय केलंय, म्हणून तिचा माणूस मी डोळ्यांदेखत पळू देतोय? हक ठरवतो, काठावर जाऊन सांगून टाकायचं. तो होडी सोडतो. मागून जिम ओरडून सांगतो, की तूच माझा एकुलता एक दोस्त आहेस. हकचे हातपाय गळतात. तेवढ्यात समोरून बंदुका घेतलेले दोघं जण येतात, पळालेले गुलाम शोधत. ‘तराफ्यावरचा माणूस गोरा की काळा?’ खरं बोलायची यापेक्षा चांगली संधी कुठली? पण हक म्हणतो, गोरा. वर असं काही नाटक करतो, की आत बापाला देवी आल्या आहेत असा त्या दोघांचा समज होतो. ते जवळसुद्धा येत नाहीत. उलट दयेपोटी वीस-वीस डॉलरची दोन सोन्याची नाणी फळीवर ठेवून त्याच्याकडे सोडतात.

पालक मंडळी हे वाचत असतील तर कपाळावर आठी पडेल. मुलांच्या पुस्तकात चक्क खोटं बोलणारा नायक! पण या खोट्यानंतर हक खूश होत नाही, हे लक्षात घ्या. तो स्वतःला नालायक समजतो. मग विचार करतो, जिमला पकडून दिलं असतं तर बरं वाटलं असतं का? नाही, तेव्हाही एवढंच वाईट वाटलं असतं. हा हिशेब काही त्याला सुटत नाही, आणि तो सोडून देतो.

आता त्या पत्राकडे येतो. पुढे दोन भामटे त्यांच्या तराफ्यावर चढतात आणि अखेर चाळीस डॉलरसाठी जिमला परस्पर विकून टाकतात. हक एकटा पडतो. त्याला वाटतं, ही देवानंच शिक्षा केली. तो प्रार्थना करायला बसतो, पण शब्द फुटत नाहीत. आधी चांगलं काम करू, मग प्रार्थना करू, असं म्हणून तो मिस वॉटसनला पत्र लिहितो, की तुमचा जिम अमुक ठिकाणी आहे. पत्र लिहून झाल्यावर त्याला एकदम हलकं हलकं वाटतं. सगळं पाप धुऊन निघालं!

पण पत्र हातात तसंच राहतं आणि त्याला प्रवास आठवू लागतो. चांदण्या रात्री, वादळं, गप्पा, गाणी. आपली झोप मोडू नये म्हणून जिम स्वतःची पाळी संपल्यावर आपलीही पाळी जागून काढायचा, ते आठवतं. धुक्यातून परत आल्यावर जिमला किती आनंद झाला होता, ते आठवतं. हकला कुठंही असं आठवत नाही, की ज्यामुळे जिमविरुद्ध मन घट्ट करता येईल. आणि तो पत्र फाडून टाकतो. नरकात जावं लागलं तरी चालेल, असं ठरवून.

इथं क्षणभर थांबा. ‘गुलामगिरी वाईट आहे’ असं हक एकदाही म्हणत नाही. त्याला तसं वाटतच नाही! आपण पाप करतोय याची त्याला पुरेपूर खात्री आहे. त्याच्या छातीत जो आवाज ‘हे चूक, हे चूक’ म्हणून ओरडतोय, तो त्याचा आहे तरी का? तो गावाचा आवाज आहे. कायद्याचा, चर्चमधल्या प्रवचनाचा, बाजारात बसलेल्या चार मोठ्या माणसांचा. लहानपणापासून ऐकून ऐकून तो आत जाऊन बसला आणि हकला वाटलं, हाच आपला विवेक. त्याच्या स्वतःच्या माहितीचं काय होतं? फक्त जिम. जिमनं काय केलं, कधी काय म्हटलं, एवढंच.

हे ट्वेनला इतकं नेमकं कसं कळलं? कारण तो तिथलाच. त्याचं खरं नाव सॅम्युअल क्लेमेन्स, जन्म १८३५ चा. मिसिसिपीकाठच्या हॅनिबल गावात तो वाढला. गुलामगिरीत काही गैर आहे असं लहानपणी कुणी म्हटल्याचं आपल्या कानावर आलं नाही, उलट ती देवाला मान्य आहे असंच धर्मोपदेशक सांगत, असं त्यानं पुढे लिहून ठेवलंय. त्याच्या काकांच्या शेतावर डॅनियल नावाचा एक गुलाम होता, मुलांचा लाडका. जिम त्याच्यावरूनच सुचला. आणि गावात ब्लँकेनशिप नावाचं एक फाटकं कुटुंब होतं. त्यातल्या मोठ्या मुलानं, बेन्सननं, १८४७ साली नदीतल्या एका बेटावर लपलेल्या पळपुट्या गुलामाला गुपचूप खाणं पोचवलं. पकडून दिलं असतं तर पन्नास डॉलर मिळाले असते, आणि घरात तर खायची भ्रांत. त्याचाच धाकटा भाऊ टॉम हा हकचा नमुना.

हाच ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये आपल्या मुंबईला आला होता, व्याख्यानं द्यायला. हॉटेलात एका धिप्पाड जर्मन माणसानं नोकराच्या थोबाडीत मारली. काय चुकलं तेही आधी सांगितलं नाही. नोकर निमूट राहिला. ट्वेननं लिहिलंय, की ते पाहताच मी पन्नास वर्षं मागे, माझ्या गावात गेलो. घरातल्या गुलाम पोराला किरकोळ चुकीसाठी मारणारे वडील त्याला आठवले. मुंबईच्या त्या एका थपडेनं त्याला अख्खं बालपण दिसलं. दोन देशांमधलं हे साम्य आपल्या जोतीराव फुल्यांना त्याही आधी दिसलं होतं. अमेरिकेत १८६५ साली घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी बंद झाली आणि १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे आपलं पुस्तक, गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केलं.

ही हकची गोष्ट मी काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात सांगितली. आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरावर. माळरान, हलकी जमीन, पावसाचा भरवसा नाही. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. हंगामाआधीच मुकादम त्यांना एकरकमी पैसे देतो. ती ‘उचल’. मग चार-पाच महिने कोप्यांत राहायचं, पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि उचल फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. आईबापांबरोबर मुलंही जातात. दिवाळीनंतर माझ्या वर्गातले बाक कसे दिसत असतील, याची कल्पना करा.

तर गोष्ट पत्रापर्यंत आणली आणि मी विचारलं, ‘पत्र टाकावं असं कुणाला वाटतं?’ एकही हात वर झाला नाही. मग मागच्या बाकावरून एक झाला.

‘गुर्जी, पण त्या बाईचे आठशे डॉलर बुडाले की!’

वर्ग हसला. तो हसला नाही. त्याच्या घरची मागच्या वर्षीची उचल फिटली नव्हती. ‘बुडव्या’ म्हणवून घेण्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं, असं मानणारं त्याचं घर. मी म्हणालो, ‘जिमनं तिच्याकडून एक पैसा तरी उचलला होता का? उलट आयुष्यभराची मजुरी त्याचीच तिच्याकडे बाकी होती.’ तो विचारात पडला. ‘मग पळाला ते बरं केलं,’ म्हणाला. आणि थोड्या वेळानं, ‘पण माझ्या बापानं घेतलीय.’

याला काय उत्तर देणार? ऊसतोड म्हणजे अमेरिकेतली गुलामगिरी नव्हे. हिशेब होतो, हंगाम संपला की माणसं घरी येतात. पण उचलीच्या नावाखाली माणसाला बांधून ठेवणं हा आपल्याकडे १९७६ च्या वेठबिगारीविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि तरीही उचलीसाठी अडवून धरल्याच्या गोष्टी आमच्या भागात नवलाच्या नाहीत. मी हे सगळं सांगत बसलो असतो. पण त्याच्या शेजारी बसणारा त्याचा दोस्त पटकन म्हणाला, ‘तू कुठं घेतलीस?’

चार दिवसांनी तो दोस्त माझ्याकडे आला. ‘गुर्जी, हा आमच्या घरी राहिला तर? नाही जायचा मग तोडीला.’ त्या वर्षी गावात हंगामी वसतिगृहाची सोय झाली नव्हती. त्या पोराची आजी वारलेली, घरी मागं कुणी नाही. तीन वर्षांच्या बहिणीला सांभाळायला तो लागायचा, पण त्याची माय म्हणाली, ‘पोरीला मी बघते, तो शिकू द्या.’ वाक्य लहान आहे. फडातल्या बाईला ते किती महाग पडतं, हे ज्यांनी फड पाहिलाय त्यांना कळेल.

अडचण निघाली दोस्ताच्या घरी. दोघांची जात वेगळी. वडील म्हणाले, ‘लेकराचं खाणं जड नाही गुर्जी, पण लोक...’ आजी सरळ म्हणाली, ‘आपल्यात नाही चालत, बाबा.’ ही आजी वाईट बाई नाही, हे मी शपथेवर सांगेन. दरवर्षी पायी पंढरपूरला जाणारी. गावातल्या कुठल्याही पोराला खोकला झाला की काढा करून देणारी. पण तिच्याही छातीत एक आवाज बसलेला होता. शेवटी असं ठरलं, की पोरानं पडवीत झोपायचं आणि त्याची ताटली वेगळी. जर्मनची एक जुनी ताटली कोनाड्यात ठेवली गेली.

पहिल्या रात्री दोस्तानं ती ताटली उचलली, आपली भाकरी तीत वाढून घेतली आणि आपलं स्टीलचं ताट मित्रापुढे सरकवलं. भाषण नाही, काही नाही. आजीनं आकांत केला. आजोबांच्या फोटोची शपथ घातली. रडली. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरगा मला म्हणाला, ‘आजी रडली की पोटात कसंतरीच होतं गुर्जी. माझंच चुकतंय वाटतं.’ मी विचारलं, ‘मग आज काय करणार?’ तो म्हणाला, ‘ताटली घेणार.’

आणि रोज घेत राहिला. आजीशी वाद त्याला कधीच जिंकता आला नाही, त्यानं तो घातलाही नाही. संक्रांतीनंतर कधीतरी ती ताटली कोनाड्यातून नाहीशी झाली. कुणी काढली, हे कुणी विचारलं नाही. झोपायला मात्र तो पोरगा शेवटपर्यंत पडवीतच होता. थंडीत दोस्तही तिथंच अंथरूण टाकायचा. पाडव्याच्या आधी माय-बाप परतले, तोवर त्याचा एकही दिवस बुडाला नव्हता.

परीक्षेच्या सुमारास एकदा त्यानं मला गाठलं. ‘गुर्जी, हकनं पत्र फाडलं, ते जिमला कळलं का शेवटी?’

मी पुस्तक पुन्हा चाळलं. हक ते जिमला कुठंच सांगत नाही. खरं तर पुस्तकाचा शेवटचा भाग मला फारसा आवडत नाही. टॉम सॉयर येतो, जिमच्या सुटकेचा पोरखेळ करतो, आणि मग कळतं, की मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वी वारली आणि मृत्युपत्रात तिनं जिमला मुक्त केलं होतं. या सगळ्यात जिमला काय वाटलं, ते कुणी विचारतच नाही. अमेरिकेतल्या कितीतरी काळ्या वाचकांचीही हीच तक्रार आहे. पर्सिव्हल एव्हरेट या कृष्णवर्णीय लेखकानं २०२४ साली ‘जेम्स’ ही कादंबरी लिहिली, तिच्यात तीच गोष्ट जिम सांगतो. या जिमला लिहिता-वाचता येतं, पण गोऱ्यांपुढे तो ते लपवून ठेवतो. त्या पुस्तकाला २०२५ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

तो पोरगा आता कॉलेजात आहे. मी त्याला फोन करून ‘जेम्स’बद्दल सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग म्हणाला, ‘सुट्टीत येतो गुर्जी. त्यालाही घेऊन येतो. पण ह्या वेळी सगळी सांगा, मधलं वगळू नका.’